घरच्या घरी इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासणे : गॅरेजवाला म्हणतो हाफ इंजिन करा

सिंहगडरोडी
मंडळी,
आमच्याकडे 2005 ची मारुती एस्टीम आहे. बाबांनी नवी घेतलेली, 1,43,000 किलोमीटर झालेत, 2013 मध्ये सीएनजी किट बसवलं. गेले दोन महिने गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरते. आरशात मागे एकच रिक्षा असली तरी दोन दिसतात. चढाला पिकअप नाही. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले. काही फरक नाही.

शनिवारी एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, भोकावर तळहात धरला आणि निदान सांगितलं, "कॉम्प्रेशन गेलंय, हाफ इंजिन करा. 38,000. पार्ट मिळाले तर." (हाफ इंजिन म्हणजे इंजिनाचं खालचं काम.) गेज लावून बघितलं का विचारलं तर म्हणाले, "तीस वर्षं हेच करतोय साहेब."

मग माझं डोकं फिरलं. नाना पेठेतून 1,150 रुपयांचं कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणारं) आणलं आणि काल सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावलं. आकडे पीएसआयमध्ये (पाउंड प्रति चौरस इंच):
1 नंबर – 100
2 नंबर – 95
3 नंबर – 55
4 नंबर – 95

चारही सिलिंडर गेलेत का? बाबा कालपासून बोलत नाहीयेत.

चौथागिअर
विका. वीस वर्षं झाली, अजून किती पिळणार तिला?

सरपटणारा_ससा
चौथागिअर, दरवेळी हाच सल्ला. तुमच्या घरात मिक्सर बिघडला तरी घर विकत असाल.

उद्यमनगरी
भावा, घाबरू नको. आधी चार प्रश्नांची उत्तरं दे.
सेल मारताना ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला होता का?
चारही प्लग काढले होते, का एकेक काढून बघितलंस?
इंजिन गरम होतं का?
बॅटरी कशी आहे?

सिंहगडरोडी
नाही, एकेक, नाही आणि साडेतीन वर्षांची.

उद्यमनगरी
नाद खुळा! मग ते आकडे पाटीवरनं पुसून टाक. 3 नंबरला गडबड दिसतीय, तेवढीच गोष्ट लक्षात ठेव.

थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडणारी हवेची झडप, बंद असला की इंजिनाला हवाच मिळत नाही. नाक दाबून फुगा फुगवायला सांगितल्यासारखं झालं ते. हवा आत आली नाही तर पिस्टन दाबणार काय? आणि बाकीचे तीन प्लग जाग्यावर असले की स्टार्टरला त्या तिघांचंही कॉम्प्रेशन ओढावं लागतं, इंजिन रडत रडत फिरतं. गेज लावलेल्या सिलिंडरला वेग मिळत नाही, आकडा पडतो.

आता नीट कर. गाडी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आण, फॅन एकदा लागू दे. मग वीसेक मिनिटं थांब. इंजिन कोमट पाहिजे, पण चटका बसेल इतकं तापलेलं असताना प्लग उघडू नको. हेड (सिलिंडरच्या वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) ॲल्युमिनियमचं आहे, प्लगबरोबर आटे बाहेर आले तर त्या गॅरेजवाल्याचे 38,000 खरे होतील. एस्टीमचे प्लग खोल विहिरीत असतात. काढायच्या आधी विहिरीत हवा मारून माती उडव, नाहीतर सगळी सिलिंडरमध्ये जाते. सायकलचा पंप चालतो.

सीएनजी असेल तर टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद कर, स्विच पेट्रोलवर ठेव. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढ आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालव, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. कॉइलचे आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढ. मग चारही प्लग बाहेर. गेजची नळी हातानंच आवळ, पान्याची गरज नाही, रबरी रिंग बसली की पुरे.

आत एक माणूस बसव. त्यानं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि सेल मारायचा. गेजचा काटा उडी मारत वर चढतो, पाच-सहा उड्या मोज, काटा थांबला की बस. प्रत्येक सिलिंडरला तेवढ्याच उड्या. आणि नुसता शेवटचा आकडा नको, पहिल्या उडीला काटा कुठपर्यंत गेला तेपण लिही. चांगलं सिलिंडर पहिल्या दणक्यातच अर्ध्याच्या वर जातं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर पहिली उडी छोटी आणि मग पायरी पायरीनं चढत राहतं. व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिली उडीही छोटी आणि पुढंही फारसं काही होत नाही.

4 नंबर झाला की परत 1 नंबर लाव. आकडा पडला असेल तर बॅटरी दमली म्हणायचं.

फक्त_वाचक
पहिल्यांदाच लिहितोय. वरच्या प्रतिसादातला फ्यूजचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. मी पूर्वी फ्यूज काढला नव्हता. प्लग बाहेर, वायरींची टोकं इंजिनावर तशीच लोळत होती. मेहुण्याने सेल मारला. प्लगच्या भोकांतून पेट्रोलचा फवारा, वर ठिणगी. भक्कन ज्वाळ आली आणि गेली. भुवया महिन्याभरात आल्या, मेहुणा अजून येत नाही.

नीलांबरी
फक्त_वाचक, हसू नये पण हसले.
आगीशिवाय आणखी एक कारण आहे. उघड्या कॉइलला ठिणगी टाकायला जागा मिळाली नाही की ती आतल्या आत फुटते, कॉइल किंवा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) जातं. 1,150 च्या तपासणीत तिप्पट खर्च.

वाटाण्याच्या_अक्षता
इतका खटाटोप कशाला? साधं गणित आहे. एस्टीमच्या या इंजिनाचं कॉम्प्रेशन रेशो 9.5, म्हणजे हवा साडेनऊ पट दाबली जाते. हवेचा दाब 14.7 पीएसआय. गुणाकार 140. म्हणजे 140 आलं की इंजिन नवंकोरं. धागाकर्त्याचे 100 म्हणजे फार वाईट नाही.

नीलांबरी
अक्षता, हे गणित मी दरवर्षी मुलांच्या पेपरात खोडते :)
हवा हळूहळू दाबली आणि तापू दिली नाही तरच तो गुणाकार चालेल. तेव्हाही 140 हा निरपेक्ष दाब. गेज बाहेरची हवा शून्य धरून मोजतं, त्यामुळे त्यातून 14.7 वजा करा, 125 उरतात. पण सायकलचा पंप जोरात मारल्यावर खालून गरम होतो ना? इंजिनात तेच होतं. हवा झटक्यात दाबली जाते, तापते, आणि तापली म्हणून दाब आणखी वाढतो. उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असं धरलं तर आकडा 330 च्या आसपास निघतो. प्रत्यक्षात बरीच उष्णता सिलिंडरच्या भिंती खातात. शिवाय इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर निघाल्यानंतर उशिरा मिटतो, त्यामुळे थोडी हवा आल्या वाटेने परत जाते. म्हणून खरा आकडा या दोन टोकांच्या मधे कुठेतरी पडतो आणि तो मॅन्युअलमध्येच बघावा लागतो.

उद्यमनगरी
ताईंना अनुमोदन. सुझुकीच्या या जी-13 इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये 14 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दिलंय, म्हणजे 199 पीएसआय. खालची मर्यादा 12 किलो, म्हणजे 170. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठल्याही दोन सिलिंडरमध्ये 1 किलोपेक्षा, म्हणजे 14 पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. तो फरक गाडीची थरथर जास्त चांगली सांगतो.

वाटाण्याच्या_अक्षता
मास्तरीण बाई भेटल्या. शब्द मागे घेतो, 14.7 वजा करून.

दोडामार्गकर
माझ्याकडे जुनी डिझेल जीप आहे. सकाळी पांढरा धूर, सेल खूप मारावा लागतो. धागाकर्त्याचं गेज मागवून लावू का?

उद्यमनगरी
नको! पेट्रोलचं गेज बहुतेक 300 पर्यंतच असतं. डिझेल 350-450 पीएसआयची गोष्ट करतं. काटा टोकाला जाऊन अडकंल आणि गेज बिघडंल. डिझेलचं गेज वेगळं, 1000 पर्यंतचं, ते ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकात बसतं. आणि खाली तेल टाकून बघायची एक युक्ती येईल, ती डिझेलला अजिबात करू नको. डिझेलमध्ये दाबानंच पेट घेतो, तेलही पेट घेऊ शकतं, आणि पिस्टनच्या वर जागा एवढी कमी असते की जास्त तेल पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकायची वेळ येते.

दोडामार्गकर
बरां झाला इचारलंय.

उसाचा_फड
डिझेलवरून आठवलं, अवांतर आहे. आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं, हँडल मारून चालू करायचं. डीकॉम्प्रेशनची खिट्टी उचलायची, हँडल गरागरा फिरवायचं, चाकानं वेग घेतला की खिट्टी सोडायची. धुक्-धुक् करून धरायचं. आमचा थोरला चुलता खिट्टी खाली ठेवूनच हँडल सावकाश वर घ्यायचा. इंजिन हाताला मागे ढकलतंय का, किती वेळ ढकलतंय, यावरून सांगायचा की या सुगीला चालेल, पुढच्या सुगीला रिंगा. चांगल्या इंजिनाला हँडल लोंबकळून सोडलं तरी खाली पडायचं नाही, दाबावर तरंगत राहायचं. गेज कुणाच्या बापानं बघितलं होतं. मात्र चुलत्याचा अंगठा एकदा उलट्या हँडलनं मोडला होता, हेपण सांगायला पाहिजे.

सरपटणारा_ससा
स्कूटरची किकसुद्धा सांगायची. "किक पोकळ लागते" म्हणाले की घरात खर्चाचं वातावरण.

चौथागिअर
हे सगळं ठीक. पण चांगला मेकॅनिक पाचशे रुपयांत गेज लावून देतो. तुमच्या रविवारची किंमत शून्य आहे का?

सिंहगडरोडी
चौथागिअर साहेब, मुद्दा मान्य, तो मेकॅनिक दाखवा. मी तीन गॅरेजांत फोन केला. एकाकडे गेज होतं पण "ते मुलगा घेऊन गेलाय", दुसरा म्हणाला गाडी सोडून जा, तिसऱ्याने विचारलं कशाला पाहिजे.

आज परत केलं, उद्यमनगरींच्या पद्धतीने. शेजारच्यांच्या गाडीवरून केबल लावून बॅटरीला आधार दिला. आत बाबांना बसवलं. वय 74, पण "ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा" म्हटल्यावर चेहरा खुलला. आयुष्यभर मला उलटं सांगत आले. कालच्या आकड्यांची कहाणी ऐकल्यावर बोलायलाही लागलेत.

कंसात पहिली उडी.
1 नंबर – 165 (100)
2 नंबर – 160 (95)
3 नंबर – 85 (35)
4 नंबर – 165 (100)
परत 1 नंबर – 165

काल शंभर होते ते आज एकशे पासष्ट! पण मॅन्युअलची मर्यादा 170 आहे, म्हणजे बाकीचे तीनही नापासच का?

डेन्व्हरवासी
इथे मला तोंड उघडायला जागा आहे. मी डेन्व्हरला राहतो, समुद्रसपाटीपासून 1,609 मीटर. इथे बाहेरच्या हवेचा दाबच समुद्रकिनाऱ्यापेक्षा सतरा-अठरा टक्के कमी. मी माझ्या जुन्या गाडीला पहिल्यांदा गेज लावलं तेव्हा पुस्तकापेक्षा सगळे आकडे कमी आले आणि आठवडाभर झोप नाही. मग कळलं की आत येणारी हवाच विरळ, तर दाबली जाऊन तरी किती होणार?

पुणे साधारण 560 मीटरवर. तिथे दाब सहा टक्क्यांनी कमी धरा. 170 मधून सहा टक्के गेले की 160. तुमचे तीन सिलिंडर काठावर, पण पास. वीस वर्षांच्या इंजिनाला आणखी काय पाहिजे? महाबळेश्वरला नेऊन मोजाल तर तेच इंजिन आणखी खाली दाखवेल आणि मुंबईत वर.

शिवाय 1,150 च्या गेजवर पाच-दहाचा विश्वास ठेवू नका. नळीच्या टोकाला एक बारीक व्हॉल्व्ह असतो, टायरच्या व्हॉल्व्हसारखा दिसणारा. तो प्लगच्या बाजूच्या टोकालाच पाहिजे. गेजच्या बाजूला असला तर नळीतली सगळी जागा सिलिंडरमध्ये मिळवल्यासारखी होते आणि आकडा पडतो. आणि तो खराब झाला म्हणून कोणी टायरचा व्हॉल्व्ह घातला असेल तर त्याची स्प्रिंग कडक असते, तरी आकडा कमीच.

नीलांबरी
डेन्व्हरवासींचं बरोबर. म्हणून एकाच गेजने, एकाच दिवशी घेतलेल्या आकड्यांतला फरक बघायचा. 165, 160, 165 आणि मधे 85. दुखणं एकाच सिलिंडरचं आहे. 2 आणि 3 दोन्ही पडले असते तर मी हेड गॅस्केट म्हटलं असतं, शेजारच्या दोघांमधली भिंत फुटली की दोघेही पडतात.

उद्यमनगरी
आता तेलाची युक्ती. 3 नंबरमध्ये चमचाभर, म्हणजे 5 मिली इंजिन ऑइल टाक आणि परत मोज. तेल पिस्टनच्या कडेनं पसरतं आणि रिंगांची फट तेवढ्यापुरती बुजते. आकडा चांगला चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत). हलला नाही तर वरचं काम, व्हॉल्व्ह. जास्त ओतू नको, नुसत्या तेलानं जागा भरूनही आकडा खोटा चढतो.

सिंहगडरोडी
5 मिलीची सिरिंज आणि सलाइनची नळी वापरली (आईच्या औषधांच्या डब्यातली, तिला सांगू नका). 3 नंबर: 85 वरून 90. बस.

आणि बाबांनी त्यांची परीक्षा घेतली. प्लग परत बसवून गाडी चालू केल्यावर सायलेन्सरच्या तोंडाशी दहाची नोट धरली. नोट बाहेर फडफडत होती आणि मधेच एखाद्या ठोक्याला चटकन आत ओढली जात होती. मी हात लावून बघितलं, खरंच ओढते. म्हणाले, "आमच्या वेळी याला एक्झॉस्ट म्हणायचे." पुढे काही बोलले नाहीत.

उद्यमनगरी
बाबांना माझा नमस्कार सांग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत नाहीये. पिस्टन खाली येताना सायलेन्सरमधनंच हवा आत ओढतोय, म्हणून नोट आत जाती. हाफ इंजिन म्हणजे खालचा भाग, पिस्टन, रिंगा, बोअर. तुझं खालचं काही गेलेलं नाही. 38,000 घालून त्यानं खालचं बदललं असतं, वरचं हेड तसंच बसवलं असतं आणि गाडी तशीच थरथरली असती.

वाटाण्याच्या_अक्षता
आता हेड उतरवून व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून नीट बसवणं). दहा-बारा हजार आणि टायमिंग बेल्ट. शेवटी गॅरेज ते गॅरेजच.

नीलांबरी
थांबा. सीएनजी 2013 पासून आहे ना? टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली गॅप, शेवटचं कधी सेट केलं?

सिंहगडरोडी
टॅपेटचा आवाज कधीच येत नाही. त्यामुळे हातच लावला नाही.

नीलांबरी
तेच तर. गॅस कोरडा जळतो. पेट्रोलची ओल नसते, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट (मिटल्यावर तो टेकतो ती कड) हळूहळू एकमेकांना खातात. व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकत जातो, दांडा रॉकरच्या जवळ येतो आणि गॅप कमी कमी होत जाते. गॅप जास्त असेल तर टॅपेट वाजतं आणि आपण गाडी दाखवायला नेतो. गॅप कमी झाली की इंजिन आणखीच शांत होतं आणि आपण खूश. गॅप शून्यावर आली की रॉकर व्हॉल्व्हला पूर्ण मिटूच देत नाही. तुमच्या इंजिनात स्क्रूचे टॅपेट आहेत, हेड न उतरवता बघता येतं. आधी ते बघा.

सिंहगडरोडी
बाबांकडे गाडीची डायरी आहे. 2005 पासून प्रत्येक लिटर, प्रत्येक पंक्चर. आत्ता बघितली. "टॅपेट सेटिंग" अशी शेवटची नोंद 2011 ची. सीएनजी किटच्या दोन वर्षं आधीची. त्यानंतर 78,000 किलोमीटर.
बाबा म्हणाले, "मी विचारलं होतं तेव्हा. तू म्हणालास आवाज नाही येत."

सरपटणारा_ससा
धागा एकदम कौटुंबिक वळणावर.

मेकॅनिक_चाळीसगाव
मी हेच काम करतो, म्हणून दोन ओळी. सीएनजीच्या गाडीला मी दर 20,000 ला गॅप बघायला सांगतो. लोक म्हणतात मेकॅनिक काम काढतो. गॅप बघताना इंजिन थंड ठेवा, त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर असला पाहिजे, त्याचे सगळे रॉकर सुटे पाहिजेत. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. गॅप फार दिवस शून्य असेल तर व्हॉल्व्हची कड जळालेली असते, मग सेटिंग करून अर्धंच काम होतं. आशा ठेवा, पण लग्नाची नाही, बोलणीची.

आणि मित्रांनो, त्या गॅरेजवाल्याला फार शिव्या देऊ नका. ऑइलच्या झाकणातून फुसफुस येते तेव्हा नव्वद टक्के लोक रिंगाच म्हणतात. गेज आणायला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक त्या वेळेचे पैसे देत नाही.

चौथागिअर
हे पटलं. माझा "विका" सल्ला तात्पुरता मागे.

सिंहगडरोडी
काल सकाळी व्हॉल्व्ह कव्हर काढलं. खाली काळं तेल, पण माती नाही. फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पात्या) लावून एकेक बघत गेलो. इनटेक सगळे थोडे कमी. एक्झॉस्ट 1, 2, 4 बरेच कमी. 3 नंबरच्या दोन एक्झॉस्टपैकी एकाला सर्वांत पातळ 0.05 मिमीची पातीसुद्धा जाईना. रॉकर बोटांनी हलवून बघितला, दगडासारखा. बाकीचे टिक-टिक हलतात. बाबांना बोलावून बोट ठेवायला लावलं. त्यांनी चष्मा वर केला आणि नुसतं "हं" म्हणाले.

लॉकनट सैल केली, स्क्रू पाऊण फेरा मागे घेतला, तेव्हा कुठे रॉकर सुटला. सगळे मॅन्युअलच्या आकड्याला सेट केले. पहिले दोन तीन-तीनदा करावे लागले, कारण नट आवळताना स्क्रूही फिरतो. स्क्रू ड्रायव्हरने धरून नट आवळायची, हे सांगायला कोणी नव्हतं (इथे तुम्ही होतात, पण हात तेलाचे होते).

नंतर गाडी फिरवून आणून परत गेज लावलं:
1 – 165, 2 – 160, 3 – 140, 4 – 165.
85 चे 140!

मेकॅनिक_चाळीसगाव
व्हॉल्व्हची कड वाचली तुमची. आता पाच-सातशे किलोमीटर चालवा, सीटवरचा कार्बन थोडा साफ होईल, मग परत मोजा. टॅपेट थोडे वाजतील, वाजू द्या.

नीलांबरी
आणि सकाळी चालू केल्यावर दोन-तीन किलोमीटर पेट्रोलवर.

उसाचा_फड
हाफ इंजिनच्या 38,000 चं काय केलंत?

सिंहगडरोडी
आई विचारतेय तेच.

दोडामार्गकर
(तीन आठवड्यांनंतर) धागा वर काढतोय. एस्टीमचा काय झाला?

सिंहगडरोडी
विसरलोच. 640 किलोमीटर झाले. परवा मोजलं. 3 नंबर 150. बाकीचे तेच. म्हणजे फरक 15, मॅन्युअलच्या 14 च्या एक पाऊल बाहेर. कधीतरी हेड उतरवावं लागेल हे माहीत आहे, आत्ता नाही. सिग्नलला उभी राहिली की आरशात एकच रिक्षा दिसते. कात्रजच्या जुन्या घाटात दुसऱ्या गिअरवर यावं लागायचं तिथे आता तिसऱ्यात जाते.

गेज सध्या शेजाऱ्यांकडे आहे, ज्यांनी बॅटरीला केबल दिली होती त्यांच्याकडे. आणि डायरीत बाबांची परवाची नोंद, जशीच्या तशी:

"इंजिन दाब 165-160-150-165. टॅपेट सेट (चि. ने केले). पुढील तपासणी 1,63,000 कि.मी. खर्च रु. 0. गेज रु. 1,150 त्याचे त्याने दिले. आवाज थोडा येतो. बरा वाटतो."

उद्यमनगरी
त्या शेवटच्या ओळीखाली आमच्या सगळ्यांच्या सह्या घे.

फक्त_वाचक
शेजाऱ्यांना फ्यूजचं सांगितलंत ना?